काळजाचा आकडा

तिसऱ्या वेळेला ओवीनं आकडा मोठ्यानं वाचला नाही.

आधीच्या दोन्ही वेळा तिनं वाचला होता. सांगलीतल्या त्या कॅन्सरच्या हॉस्पिटलात यकृताची तपासणी करणारी ही पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी मोठी बोलकी. रंगूबाईला उताणं झोपवायची, उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावायची. केमोच्या औषधानं पेशंटला गार सोसत नाही हे ठाऊक असल्यानं जेलची बाटली आधी गरम पाण्यात धरायची. मग बरगड्यांच्या मधल्या खाचेत टॉर्चएवढा दांडा टेकवून बटण दाबायची. दांड्याच्या टोकाची कातडीवर टिचकी बसायची. टक्. अशा दहा टिचक्या. प्रत्येक टिचकीची लहर आत यकृतात शिरते. यकृत मऊ असेल तर ती रेंगाळत जाते, कडक झालं असेल तर झपाट्यानं पळते, आणि तिच्या वेगावरून यंत्र कडकपणाचा आकडा काढतं. सुई नाही, चिरा नाही, आतला तुकडा काढणं नाही. पहिल्या डोसच्या आधी ओवी म्हणाली होती, "पाच पूर्णांक चार. मावशी, यकृत अगदी लोण्यासारखं आहे तुमचं." तिसऱ्या डोसनंतर म्हणाली होती, "सात पूर्णांक आठ. थोडं वाढलंय, पण इतकं वाढेल असं मॅडम म्हणालेल्याच."

आज पाचवा डोस होऊन अठरा दिवस झाले होते. ओवीनं दहा टिचक्या दिल्या, पडद्याकडं पाहिलं, दांडा दोन बोटं खाली सरकवला आणि परत दहा दिल्या. मग जेल पुसता पुसता एवढंच म्हणाली, "उठा हळूच. मॅडम सांगतील."

दारापाशी उभ्या असलेल्या नाथाजीनं पडदा पाहिला होता. तेरा पूर्णांक दोन.

"झालं न्हवं?" रंगूबाई पदर सावरत त्याच्याकडं बघून म्हणाली. "चला आता, लय भूक लागलीया." तपासणीआधी तीन तास उपाशी राहावं लागे.

तो आकडा का वाढला असेल, याची शंका त्या खोलीत एकट्या नाथाजीला होती.

नाथाजी सैन्यात बावीस वर्षं लंगरात स्वयंपाकी होता. लोणंदपासून सहा किलोमीटरवर त्याचं गाव, कालव्याच्या पाण्यावर तीन एकर ऊस, मुलगा शंभूराज बापाच्याच वाटेनं सैन्यात, मुलगी सृष्टी सांगलीला विश्रामबागेत, जावई तिथल्या कॉलेजात. रंगूबाईनं वर्षभर दुखणं अंगावर काढलं होतं. शौचावाटे रक्त जातंय हे बाईमाणसानं सांगायचं कुणाला, म्हणून ती गप्प राहिली, आणि दिवाळीत माहेरपणाला आलेल्या सृष्टीनं तिची उतरलेली कळा बघून तिला तडक सांगलीला नेलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ सगळी काढली गेली, पण आजूबाजूच्या तीन ग्रंथींत आजार पोचलेला होता. म्हणून केमो. दर एकवीस दिवसांनी एक डोस, असे आठ. पहिल्या दिवशी शिरेतून सलाइनवाटे औषध, मग चौदा दिवस गोळ्या.

डॉक्टर चारुशीला यांनी सुरुवातीलाच सगळं समजावून सांगितलं होतं. पन्नाशीच्या पुढच्या, हळू बोलणाऱ्या बाई. "हे सलाइनमधलं औषध चांगलं आहे, पण फुकट काही देत नाही. हातापायाला मुंग्या येतील. गार पाणी, गार वारा सोसणार नाही. आणि यकृतावर ताण येईल. आत काय चाललंय ते यकृत बाहेर सांगत नाही, दुखत नाही त्याला. म्हणून अधूनमधून आपण बाहेरूनच बघत राहू. कडक व्हायला लागलं, तर आपल्याला वेळेत कळेल."

यकृत म्हणजे काळीज, हे नाथाजीला सांगावं लागलं नाही. बोकडाची काळजं त्यानं टोपलीनं कापली होती. ताजं काळीज अंगठ्याखाली कसं दबतं आणि तव्यावर दोन मिनिटं जास्त राहिलं की चपलेच्या तळासारखं कसं होतं, हे त्याच्या बोटांना माहीत होतं. त्यामुळं बाई 'कडक' म्हणाल्या तेव्हा ते त्याला कानानं नाही, हातानं कळलं, आणि तेव्हापासून धास्ती बसली ती बसलीच.

घरी आल्यावर त्यानं चूल ताब्यात घेतली. "आता तू हात लावायचा न्हाईस," त्यानं बजावलं. गावातली माणसं हसली, हसू देत. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, सकाळ-संध्याकाळ नाचणीची गरम आंबील. उन्हाळा लागला तरी रंगूबाईला माठातलं पाणी चालत नव्हतं. गार भांड्याला बोट लागलं तरी विजेसारखी सणक यायची. वैशाखाच्या उन्हात ती हातमोजे घालून बसायची आणि कोमट पाणी प्यायची. नाथाजी तिच्याकडं बघायचा आणि त्याचा जीव खालीवर व्हायचा. बत्तीस वर्षांच्या संसारातली निम्मी वर्षं तो बर्फात नाहीतर वाळवंटात होता. उरलेली तरी दोघांनी मिळून काढायची, तर ही निघाली. हा विचार त्याच्या मनात एकदा शिरला तो निघेना.

दुसऱ्या तपासणीत पाचाचे पावणेआठ झाले आणि त्याची झोप उडाली. ओवी काही म्हणो, आकडा वाढला तो वाढलाच. त्याच आठवड्यात लोणंदच्या बाजारात त्याला धुळा भेटला. धुळा त्याच्या पलटणीतला, आता घरची मेंढरं सांभाळायचा. नाथाजीनं त्याच्यापाशी मन मोकळं केलं.

"आरं, आमच्या थोरल्याच्या गळ्यात गाठ हुती," धुळा म्हणाला. "वाईच्या पल्याड एक जण पुडी देतोय. दोन महिन्यांत गाठ निम्मी झाली. आन काळीज तर आसं साफ करतंय का बगतच राहशील."

"डॉक्टरबाईंस्नी इचारतो."

"इचारशील तर बंद करत्याल गड्या. आन वहिनीला बी सांगू नगं. त्यो म्हनतोय, घेणाऱ्याला कळलं तर गुण येत न्हाई."

एवढं खुळचट बोलणं बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं ऐकावं का? पण भ्यालेल्या माणसाला कुणी हात पुढं केला तर तो हात कुणाचा हे तो बघत नाही. चौथ्या डोसच्या सुमारास पुडी घरात आली. करडी-तपकिरी, वासाला मातकट. नाथाजी रोज दोन चिमटी आंबिलीत घालू लागला.

"आवं, आंबील लय कडू लागती," पहिल्याच दिवशी रंगूबाई म्हणाली.

"त्वांड कडू झालंय तुझं. औषधानं. बाईंनी सांगितलं न्हवतं का?"

"व्हय, तेबी खरंच," म्हणून तिनं वाटी संपवली. त्यानंतर रोज तोंड वेडंवाकडं करून, पण एक थेंबही न ठेवता ती प्यायची. नवऱ्यानं केलंय म्हणून.

तेरा पूर्णांक दोनच्या त्या दिवशी डॉक्टर चारुशीलांनी कागद दोनदा पाहिले. रक्ताचा रिपोर्टही आला होता.

"मावशी, मागच्या वेळेपेक्षा यकृत बरंच कडक झालंय. रक्तातले यकृताचे आकडेही चौपट झालेत. एवढी उडी मी धरली नव्हती." त्यांनी चष्मा काढला. "मला एक सांगा. आपल्या औषधांशिवाय दुसरं काही घेताय? काढा, चूर्ण, कुठलं झाडपाल्याचं औषध? रागवणार नाही मी. फक्त खरं सांगा."

"न्हाई वो," रंगूबाई म्हणाली. "मला कुटलं मिळतंय? हे करून घालत्यात त्येच खाती."

डॉक्टरांनी नाथाजीकडं पाहिलं. आईशेजारी बसलेल्या सृष्टीनंही पाहिलं. आता बोललो तर रंगूसमोर, लेकीसमोर बोलावं लागेल. आणि पुडीमुळंच हे झालं असं बाई म्हणाल्या तर? त्यानं मान हलवली. नाही.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मग उद्या यकृताचा एमआरआय करू. आत कुठं नवीन डाग आहे का, ते एकदा बघायला हवं. तोवर पुढचा डोस थांबवू."

डाग म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. जिन्यावरून उतरताना रंगूबाईनं सृष्टीचा हात घट्ट धरला होता.

त्या संध्याकाळी सृष्टीच्या स्वयंपाकघरात नाथाजीनं आंबील शिजत ठेवली. पुडी त्याच्या पिशवीत, कपड्यांच्या घडीत होती; सांगलीला येतानाही तो ती सोबत आणायचा. त्यानं ती काढली, उघडली, पातेल्यावर धरली. न घालावी, तर धुळ्याच्या भावाची गाठ विरघळवणारं औषध मधेच तोडलं असं व्हायचं. घालावी, तर? तो तसाच उभा राहिला. आंबील बुडबुडायला लागली. शेवटी त्यानं पुडी मिटून खिशात टाकली.

रंगूबाईनं वाटी तोंडाला लावली, आणि थांबली. परत एक घोट घेतला.

"सृष्टे, बग की!" ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला. "आज कडू न्हाई लागली. त्वांडाला चव आली गं माज्या!"

"बघ, म्हटलं नव्हतं मी? बरं वाटायला लागणार तुला," सृष्टी म्हणाली.

नाथाजी पाठ वळवून ओटा पुसत राहिला. पुसलेलाच ओटा तो परत परत पुसत होता. दीड महिना या बाईच्या तोंडाला कडूपणा होता तो औषधाचा नव्हता, त्याच्या हातचा होता. आणि जे तोंडाला एवढं कडू लागत होतं ते पोटात जाऊन काय करत असेल? मागनं रंगूबाई आणखी अर्धी वाटी मागत होती. त्याला मागं वळून बघायचं धाडस होईना.

दुसऱ्या दिवशी एमआरआयच्या खोलीबाहेर तिथल्या बाईनं अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. रंगूबाईनं कानातलं काढलं, पायातली जोडवी मोज्याच्या हातानं ओढून काढली. मंगळसूत्राचा फासा तिला निघेना, बोटांना संवेदनाच नव्हती. तो नाथाजीनं सोडवला. लग्नानंतर तिचा गळा असा मोकळा त्यानं कधी पाहिला नव्हता. तिनं सगळं त्याच्या ओंजळीत ठेवलं.

"नीट धरा. सांडचाल कुटं," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "आवं, आत ढोलीत एकटीच ऱ्हायाचं व्हय मी?"

"पाऊण तासाचं काम. मी हितंच हाय."

"आत काय निगालं तर?"

दार बंद झालं. भिंतीपलीकडनं यंत्राचा ठाकठाक आवाज सुरू झाला. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. नाथाजी बाकावर बसला होता. मुठीत मंगळसूत्र आणि जोडवी, आणि खिशात पुडी. जोडवी कोमट होती, ती हळूहळू गार होत गेली. सीमेवर त्यानं तोफांचे आवाज ऐकले होते, तेव्हाही भीती वाटली होती, पण ती समोरून येणाऱ्या संकटाची होती. ही वेगळी. आत डाग निघाला तर रंगू जाणार. डाग नाही निघाला, तर मग यकृत कशानं कडक झालं, हा प्रश्न उरणार, आणि त्याचं उत्तर त्याच्या खिशात होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं की डाग निघाला तर बरं, पुडीचा दोष तरी राहणार नाही. हे मनात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. तो उठून उभा राहिला. रंगूबाई बाहेर येईपर्यंत तो उभाच राहिला.

रिपोर्ट दुपारी आला. डाग नव्हता.

सृष्टी रडायलाच लागली. रंगूबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. डॉक्टर चारुशीला मात्र अजून कागदच बघत होत्या.

"ही चांगली बातमी आहे. आजार यकृतात गेलेला नाही. पण यकृताला सूज आहे, प्लीहाही वाढलीय. दुसरं कारण दिसत नाही, म्हणजे सलाइनमधलं औषधच यकृताला सोसत नाहीये असं मला धरावं लागेल. ते बंद करू या. उरलेले तीन डोस नुसत्या गोळ्यांचे."

"त्येच्याबिगर आजार परत येईल का वो?" रंगूबाईनं सरळ विचारलं.

"शक्यता थोडी वाढते, मावशी. खोटं नाही सांगत. तुमच्या ग्रंथी तीन होत्या, म्हणून मला ते औषध पूर्ण द्यायचं होतं. पण यकृतच धोक्यात घालून ते देता येणार नाही."

सगळे उठले. सृष्टी आईला धरून बाहेर गेली, खालच्या मेडिकलमधनं गोळ्या घ्यायच्या होत्या. नाथाजी चार पावलं त्यांच्यामागं गेला. मग वळला आणि दार ढकलून परत आत आला. डॉक्टर दुसरी फाइल उघडत होत्या. त्यानं खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली.

"ह्ये घालत हुतो मी," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "आंबिलीत. दीड महिना. तिला ठावं न्हाई. म्या काल तुमच्याफुडं मान हलवली, ती खोटी."

डॉक्टर चारुशीलांनी पुडी उघडली, वास घेतला, परत मिटली. ओरडल्या असत्या तर नाथाजीला बरं वाटलं असतं.

"काय आहे हे?"

"म्हाईत न्हाई."

"माहीत नाही, आणि पोटात घातलंत." त्यांचा आवाज हळूच होता. "काका, तुमच्या एका 'नाही'वर मी त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं औषध बंद करायला निघाले होते."

"तिला सांगू नगा बाई. तुमी काय करायचं ते करा, पुडी बंद झाली. पर तिला..."

"पोट त्यांचं आहे. त्यात काय गेलं ते त्यांना कळलंच पाहिजे. त्या बाहेर आहेत ना? तुम्ही सांगा. मी थांबते. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

बाहेरच्या लांबलचक बाकावर पेशंटांची गर्दी होती. सृष्टी मेडिकलला गेली होती, रंगूबाई एकटीच टोकाला बसली होती, गळ्यात मंगळसूत्र परत आलेलं. नाथाजी तिच्या शेजारी बसला आणि जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. धुळा, पुडी, दोन चिमटी. एकही गोष्ट त्यानं गाळली नाही.

रंगूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी म्हनत हुते कडू लागतंय. तवा तुमी काय म्हनाला?"

तो आणखी खाली वाकला.

"सांगा की. काय म्हनाला?"

"औषधानं त्वांड कडू झालंय म्हनालो."

"रोज इचारत हुते मी. रोज." ती म्हणाली. "दुसऱ्या कुनी दिलं असतं तर थुकून टाकलं असतं. तुमी दिलं म्हनून गिळलं."

"भ्यालो गं मी, रंगू. त्यो आकडा वाढला आन—"

"आन मी भ्याले न्हवते?" शेजारची माणसं वळून बघायला लागली. तिला त्याची फिकीर नव्हती. "ढोलीत कुनाला घातलंतं? मला का तुमाला?"

ती उठली. बाकाच्या पाठीला धरून एकटी चालत गेली, डॉक्टरांच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. नाथाजी बाहेर राहिला.

अर्ध्या तासानं डॉक्टरांच्या खोलीतनं बाहेर येऊन सृष्टीनं त्याला निर्णय सांगितला. चार आठवडे काहीच द्यायचं नाही. ना सलाइन, ना गोळ्या, ना दुसरं काही. दर आठवड्याला रक्त, चार आठवड्यांनी पुन्हा यकृताची तपासणी. यकृताला नुसती सूज असेल तर तीही यंत्राला कडकपणाच वाटते, आणि सूज उतरू शकते. आत वण पडला असेल तर तो सहजी जात नाही. कुठलं आहे ते चार आठवड्यांनी कळेल. आणि तेवढे चार आठवडे आजारावरही औषध नसणार.

"आई इथंच राहतेय, आबा," सृष्टी म्हणाली. तिनं बापाकडं पाहिलं नाही. "तुम्ही गावी जावा."

गावी एकट्यानं राहणं त्याला लंगरात शिकवलेलं होतं, पण हे तसलं नव्हतं. चुलीपुढं बसलं की घास उतरत नसे. तो रोज फोन लावायचा, सृष्टी रक्ताचे आकडे सांगायची, तो ते पंचांगाच्या पाठीवर लिहायचा. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नाही. तो दिवस त्यानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्या आठवड्यात थोडं खाली. "आईला दे की फोन," तो म्हणायचा. "झोपलीय," सृष्टी म्हणायची, आणि मागनं रंगूबाईचा खणखणीत आवाज ऐकू यायचा.

दुसऱ्या आठवड्यात तो धुळ्याच्या वस्तीवर गेला. भांडायला म्हणूनच गेला होता. धुळा अंगणात बसलेला, त्याच्या शेजारी खाटेवर थोरला भाऊ पडलेला. नाथाजी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची नजर भावाच्या डोळ्यांवर गेली. हळदीसारखे पिवळे.

"कवापासनं?" त्यानं विचारलं.

"पंधरा दिस झालं. कावीळ हाय. मंतरून आनलंय," धुळा पुटपुटला.

"आन पुडी?"

"ती चालू हाय. बंद कशी करायची? गाठ वाढंल की."

नाथाजीचं भांडण तिथंच विरघळलं. तो धुळ्यापुढं उकिडवा बसला आणि रंगूबाईचं सगळं त्याला सांगितलं, डॉक्टरांपुढं स्वतः हलवलेल्या खोट्या मानेसकट. धुळा ऐकता ऐकता रडायला लागला. त्याच दुपारी तिघं जीप करून साताऱ्याच्या दवाखान्यात गेले. भाऊ तेवीस दिवस तिथं होता. वाचला, पण गळ्यातली गाठ निम्मी बिम्मी काही झालेली नव्हती. ती होती तेवढीच होती, आणि तिच्या खऱ्या औषधाचे पाच महिने वाया गेले होते.

चौथ्या आठवड्यात फोन रंगूबाईनं स्वतः लावला. "सोमवारी तपासनी हाय," एवढंच म्हणाली. "या."

तपासणीच्या खोलीत तिनं त्याला येऊ दिलं, डॉक्टरांच्या खोलीत नाही. "तुमी भायेर बसा. बाई मला इचारत्यात, मीच सांगनार." तो बाहेर बसला. काचेच्या दारातनं त्याला तिची पाठ दिसत होती आणि डॉक्टरांचे हलणारे ओठ. कितीतरी वेळ. मग रंगूबाई वळली आणि तिनं त्याला आत बोलावलं.

आकडा आठ पूर्णांक नऊ होता. रक्त जवळजवळ पूर्ववत.

"बहुतेक सूज होती," डॉक्टर चारुशीला म्हणाल्या. "किती पुडीमुळं, किती आमच्या औषधामुळं, हे मला कुणी विचारू नका, मी छातीठोक सांगू शकत नाही. दोघांनी मिळून केलेलं असणार. पण आता मी सलाइनचं औषध परत सुरू करायला धजते. मात्रा कमी करून. आणि प्रत्येक डोसआधी यकृत बघून."

"बगा," रंगूबाई म्हणाली. "दर टायमाला बगा."

उरलेले तीन डोस झाले. प्रत्येक वेळी तपासणीच्या आधी तीन दिवस नाथाजी पंचांगाच्या पाठीवरचे आकडे परत परत वाचायचा. सहाव्यानंतर आकडा साडेनऊवर गेला. आठव्याच्या आधी तो परत आठावर आला. केमोच्या हॉलमध्ये रंगूबाईला एक नवी सवय लागली. सलाइन लागलं की शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला विचारायची, "घरातनं काय दुसरं घालत न्हाईत न्हवं? खायाच्या आधी इचारा. कडू लागलं तर मुकाट्यानं गिळू नगा." नाथाजी तिथंच असायचा. तो मान खाली घालायचा, पण उठून जायचा नाही.

आठवा डोस गणपतीच्या आधी संपला. दोन महिन्यांनी सीटी स्कॅन झाला, स्वच्छ आला. यकृताचा आकडा साडेसहा. प्लीहा अजून थोडी मोठी होती.

"आता भ्यायचं कारन न्हाई न्हवं?" नाथाजीनं विचारलं.

"पाच वर्षं मी लक्ष ठेवणार आहे, काका," डॉक्टर म्हणाल्या.

परतीच्या गाडीत दोघांना समोरासमोर खिडकी मिळाली. गाडीनं कराड सोडलं. मग रंगूबाई म्हणाली, "माजा राग गेलेला न्हाई अजून. सांगून ठेवते."

"व्हय."

"आन तुमी आत्ता कसला इचार करताय?"

पूर्वीचा नाथाजी 'काय न्हाई' म्हणाला असता. "फुडच्या टायमाला आकडा वाढला तर, ह्यो," तो म्हणाला. "ओवी परत गप बसली तर."

"मला बी त्योच इचार येतोय," रंगूबाई म्हणाली. "सकाळधरनं."

तिनं पाय समोर त्याच्या बाकावर ठेवले, शाल पायांवर ओढली आणि त्याला थोडं सरकायला सांगितलं. तो सरकला. कोरेगावला गाडी थांबली तेव्हा ती उठून त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि फेब्रुवारीत पुन्हा सांगलीला जायचं ते सकाळच्या गाडीनं की आदल्या दिवशी, यावर लोणंद येईपर्यंत दोघांचं बोलणं चाललं.